पिंडरांचा कोंडवाडा

१

चार वाजले की एनिड आत्या हातातलं काम होतं तिथे टाकायची. पाव कापत असली तर अर्धा कापलेला पाव तसाच, सुरी तशीच. मागच्या दाराशी ठेवलेले रबरी बूट पायात, बादली नळाखाली, बगलेत गवताचा भारा, की निघाली गल्लीच्या टोकाच्या कोंडवाड्याकडे.

कोंडवाडा म्हणजे विटांची एक गोल भिंत. माणसाच्या डोक्यापेक्षा वीतभर उंच, वर छप्पर नाही, एकच लाकडी फाटक आणि त्याला साखळी. फाटकाला लागून भिंतीत एक दगडी डोणी आरपार बसवलेली, अर्धी बाहेर, अर्धी आत, म्हणजे फाटक न उघडता पाणी देता यावं. आत्या पाणी ओतायची, भारा भिंतीवरून आत फेकायची आणि मागे न बघता घरी यायची.

स्कार्नबी गावात शेवटची भटकी गाय कोंडली त्याला तेहतीस वर्षं झाली होती. त्यानंतर आत काही नव्हतं.

"रिकाम्या कोंडवाड्याला पाणी कशाला गं?" ट्रेसीने आल्या आल्या विचारलं होतं.

"सवय."

"सवयीला गवत लागतं?"

"तुला चहा लागतो ना दर तासाला? तसंच."

ट्रेसी पिंडर वीस वर्षांची. शेफील्डला इतिहास शिकायला गेली आणि दुसऱ्या वर्षी सगळं सोडून आली. प्राध्यापक मंडळी खाणकामगारांच्या संपावर मोठमोठी व्याख्यानं द्यायची आणि संप चालू होता तेव्हा यातला एकही माणूस खाणीच्या फाटकावर जाऊन उभा राहिला नव्हता. हे तिने वर्गात तोंडावर सांगितलं, मग परीक्षेला बसली नाही. ग्रिम्झबीच्या गोदीत काम करणाऱ्या बापाने, रॉयने, फोनवर एवढंच सांगितलं की फुकट खाणारी त्याच्या घरात नको. तेव्हा बापाची ही थोरली बहीण म्हणाली, इकडे ये. दुसरं कोणीच म्हणालं नाही.

तर एक दिवस आत्याची पाठ वळल्यावर ट्रेसीने बादली पालथी घातली, तिच्यावर चढली आणि भिंतीवरून आत डोकावली.

आत गुडघाभर गवत माजलेलं. खाजकुयली, रानमोहरी, जे उगवतं ते सगळं. फक्त भिंतीच्या आतल्या कडेने, गोल, सलग, हातभर रुंदीची एक पट्टी उघडी होती. तिथली माती चेपून चेपून गुळगुळीत झाली होती. कोणीतरी रोज फेऱ्या माराव्यात तशी.

साखळीवर गंज होता आणि त्या गंजावर कोळ्याचं जाळं होतं.

२

ऑक्टोबरात थर्लबी बाई आल्या. ग्रामसमितीच्या अध्यक्ष. मोत्यांची माळ घालून दुसऱ्याच्या स्वयंपाकघरात बसायचं आणि कपाटांवर किती धूळ आहे ते बघायचं, ही त्यांची समाजसेवा.

"सुंदर गावाच्या स्पर्धेत उतरतोय आपण," त्या म्हणाल्या. "कोंडवाड्यापाशी एक फलक लावू म्हणते. पिंडर हे आडनाव कुठून आलं, त्याचा इतिहास. तू शिकलेली आहेस."

"अर्धवट शिकलेली."

"अर्धाच फलक आहे," बाई म्हणाल्या आणि स्वतःच हसल्या.

मग चहाचा कप खाली ठेवून मुद्द्यावर आल्या. आत्याचा खुबा झिजला होता, शस्त्रक्रियेची तारीख आली होती. घर होतं समितीचं. जुन्या कागदानुसार पिंडर नावाचा माणूस कोंडवाड्याचं काम बघेल तोवर ते घर पिंडरांचं. ट्रेसीने सही केली तर ती राहील. नाही केली तर घर विकायला निघेल. लंडनच्या एका दंतवैद्याने आधीच दोनदा चौकशी केली होती.

"म्हणजे जन्मभर बादली?" ट्रेसी म्हणाली.

"जन्मभर कशाला म्हणतेस गं? रोज चारला, एवढंच."

नोव्हेंबरअखेरपर्यंत विचार करून सांग, असं ठरलं. ट्रेसीला दुसरीकडे जायला जागा नव्हती हे बाईंना माहीत होतं, आणि बाईंना माहीत आहे हे ट्रेसीला कळलं होतं.

फलकासाठी ती चर्चच्या मागच्या थंडगार खोलीत जाऊन बसायला लागली. ओलसर भिंती, एक लोखंडी पेटी, पेटीत कागद. आडनावाची गोष्ट तशी साधी होती. कोंडणं या अर्थाचा एक जुना शब्द, त्यावरून कोंडणारा तो पिंडर. दुसऱ्याच्या शेतात घुसलेली गुरं पकडायची, कोंडवाड्यात घालायची, मालक येईपर्यंत खाऊ-पिऊ घालायचं. सातएकशे वर्षांपूर्वी कोणी विल्यम हे काम करायचा, म्हणून तो विल्यम पिंडर. त्याचा मुलगाही तेच करायचा, मग नातू, आणि हळूहळू कामाचं आडनाव झालं.

सगळीकडे असंच झालं होतं. पण सगळीकडे पुढे काम गेलं आणि नाव मागे राहिलं. गावातल्या स्मिथांच्या घरात कोणी ऐरणीला हात लावला नव्हता. पिपं बनवणाऱ्या कूपरांचा नेव्हिल मोटारी दुरुस्त करायचा. बाणांना पिसं लावणाऱ्या फ्लेचरांचा जावई विमा विकायचा.

काम सुटलं नव्हतं ते एकट्या पिंडरांचं. का सुटलं नाही, हे कुठल्याच कागदात नव्हतं.

३

नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात आत्याला लाउथच्या दवाखान्यात नेलं. गाडीत बसताना तिने ट्रेसीचा हात धरला. निरोपाचं काहीतरी बोलेल असं वाटलं, तर म्हणाली, "चारला. पावणेपाचला नाही."

पहिल्या दिवशी ट्रेसी मुद्दाम गेली नाही. स्वयंपाकघरात बसून मनुकांचा पाव लोण्याशी खाल्ला. खाता खाता तिच्या लक्षात आलं, या घराला कोंडवाड्याच्या बाजूला एकही खिडकी नाही. जिन्यात नाही, वरच्या खोलीत नाही. त्या बाजूला एक जुना चौकोन होता, खिडकीएवढा, विटांनी बुजवून त्यावर चुना फासलेला.

दुसऱ्या दिवशी ती गेली. रिकाम्या डोणीचा दगड कोरडा होता, पण आतल्या अर्ध्या भागातून आवाज येत होता. दगड चाटल्यासारखा.

ससा असेल. किंवा हरणाचं पिल्लू आत उडी मारून अडकलं असेल. असं स्वतःला समजावत तिने पाणी ओतलं. पाणी लगेच आत ओढलं गेलं, घोटाघोटाने.

ती भिंतीच्या बाहेरून डावीकडे चालायला लागली. आतून पावलं तिच्याबरोबर चालायला लागली. ती थांबली. आतलं पाऊल एक जास्तीचं पडलं आणि मग थांबलं.

गोल भिंत आहे, आवाज फिरून येतो, तिने विचार केला. मग उजवीकडे चार पावलं पळाली. आतूनही पळाल्याचा आवाज आला, आणि त्यामागोमाग धाप. तिला धाप लागलेली नव्हती.

नेव्हिल कूपर गॅरेजात एका ट्रॅक्टरखाली आडवा झाला होता. नुसते बूट बाहेर.

"नेव्हिलकाका, कोंडवाड्यात काय आहे?"

पान्याचा आवाज बंद झाला. बूट हलले नाहीत.

"पाणी दिलंस?" ट्रॅक्टरखालून आवाज आला.

"काय आहे ते विचारतेय मी."

"आणि मी विचारतोय पाणी दिलंस का." जरा वेळाने तो म्हणाला, "आमच्या घरचे चार वाजता त्या बाजूने जात नाहीत. कोणाच्याच घरचे जात नाहीत. तुमचं बरं चाललंय ना? घर आहे."

ट्रेसीला तेव्हा खरा राग आला. सगळ्यांना ठाऊक होतं. चर्चमध्ये पुढच्या बाकावर बसणाऱ्या, केक स्पर्धेत एकमेकींचा गळा कापणाऱ्या सगळ्यांना. आणि सगळ्यांनी मिळून एक घर एका कुटुंबाच्या तोंडावर फेकलं होतं, सातशे वर्षं.

४

दवाखान्यातल्या खोलीला उकडलेल्या कोबीचा वास होता. आत्या उशीला टेकून बसलेली, केस मोकळे. मोकळ्या केसांत ती कधी दिसली नव्हती. एखादी थकलेली पोर दिसावी तशी दिसत होती.

"तू बघितलंयस?" ट्रेसीने खुर्चीवर बसायच्या आधीच विचारलं.

"नाही. माझ्या बापानेही नाही. बघायचं काय काम? त्याला किती पाणी लागतं तेवढं माहीत असलं की झालं."

"मला बोलावलंस ते यासाठी?"

आत्याने मान डोलावली. खोटं बोलण्याएवढी हुशारी तिच्याकडे नव्हती.

"मला वाटलं, तुला माझी दया आली."

"आली होती की. दोन्ही होतं." तिने चादरीची घडी सारखी केली. "नेव्हिलच्या थोरल्या भावाने मला मागणी घातली होती. कूपर झाले असते. बाप म्हणाला, रॉय तर थांबणारा नाही, मग बादली कोण नेणार?"

"आणि तू ऐकलंस! भिंतीपलीकडे काय आहे ते माहीत नाही आणि त्याच्यासाठी आख्खा जन्म घालवलास. तुम्ही लोक ना, आत्या, कोणी सांगितलं तर विहिरीत उडी माराल, आणि नंतर म्हणाल पाणी गोड होतं."

शेजारच्या खाटेवरची बाई मासिक बाजूला ठेवून ऐकायला लागली.

"पावणेतीनची बस आहे," आत्या म्हणाली. "ती चुकली तर चारला पोचणार नाहीस."

ट्रेसीने बस चुकवली नाही. याचाच तिला सगळ्यात जास्त संताप आला.

५

उपाय तिला पेटीच्या तळाशी सापडला. पिंडराच्या कामांची एक जुनी यादी. जनावर धरणं, कोंडणं, खाणं, पाणी. मालक आल्यावर फाटक उघडण्याआधी त्याला खूण विचारणं. आणि मध्ये एक ओळ, जी तिने तीनदा वाचली. जनावर सापडलं की पिंडराने जवळच्या तीन बाजारांत दवंडी द्यायची, म्हणजे मालकाला कळेल. दवंडीनंतर एक वर्ष आणि एक दिवस मालक आला नाही, तर जनावर जमीनदाराचं आणि पिंडर मोकळा.

तिने सगळे कागद परत उलटेपालटे केले. गायींच्या दवंड्या होत्या, मेंढ्यांच्या होत्या, एका आंधळ्या घोड्याचीही होती. याची नव्हती.

थंडगार खोलीत ती एकटीच मोठ्याने हसली. इतक्या पिढ्या या मूर्खांनी अर्धंच काम केलं होतं! नुसतं खायला घालत बसले. कोणाला सुचलं नाही की बाबांनो, मालकाला कळवा. दवंडी द्यायची, वर्षभर बादली न्यायची, मग कागदावर पिंडर राहील, घर राहील आणि बादली संपेल.

बुधवारी लाउथच्या बाजारात ती मासळीवाल्याच्या रिकाम्या खोक्यावर उभी राहिली.

"ऐका हो ऐका! स्कार्नबीच्या कोंडवाड्यात एक भटकं जनावर आहे! ज्याचं असेल त्याने यावं, खूण सांगावी आणि घेऊन जावं! फोन स्कार्नबी चारशे बारा!"

"माझा नवरा असेल तर ठेव तिकडेच!" बटाटेवाली ओरडली आणि आख्खी रांग खिदळली.

"कोणतं जनावर गं पोरी?" मासळीवाल्याने विचारलं.

"ते मालकाने सांगायचं!"

गुरुवारी हॉर्नकॅसलला लोक हसले, पण जरा कमी. सोमवारी स्पिल्झबीला ती ओरडली तेव्हा चौकात धुकं उतरलं होतं आणि कोणीच हसलं नाही. एका म्हाताऱ्या बाईने पिशवी उचलून वाट बदलली. मागे वळून ती म्हणाली, "कोणाची पोर आहेस गं? घरी कोणी मोठं माणूस नाही का तुझ्या?"

"आहेत ना," ट्रेसी म्हणाली. "त्यांनीच घोळ घातलाय."

६

मंगळवारी दुपारी अडीचला फोन वाजला.

"कोंडवाडा का?" पुरुषाचा आवाज. सभ्य, हळू, वयाचा अंदाज येऊ नये असा. मागे वाऱ्याचा आवाज होता, पण खिडकीबाहेर पान हलत नव्हतं.

"हो. बोला."

"आमचं एक तुमच्याकडे आहे, असं कानावर आलं. फार दिवस शोधतोय. खातंय ना नीट?"

ट्रेसीला हायसं वाटलं. कोणीतरी शेतकरी. तट्टू हरवलं असेल.

"खातंय की. पण खूण सांगावी लागेल. नियम आहे."

"नियम चांगला आहे," आवाज म्हणाला. "पाठीवर हाताचा ठसा आहे. माझ्या हाताचा. मी एकदा हात ठेवला होता, तेव्हा उठलेला. बघून घ्या तुम्ही. उद्या चारला येतो."

तिने फोन ठेवला. मग बादली घेतली, पाण्याशिवाय, आणि कोंडवाड्यापाशी जाऊन पालथी घातली. एक तट्टू आहे, डाग दिलेलं, ती स्वतःशी म्हणाली आणि भिंतीच्या कडेला धरून वर झाली.

ते तिच्या अगदी खाली होतं, भिंतीला चिकटून, अंग चोरून बसलेलं. डोकं गुडघ्यांत खुपसलेलं. म्हणजे ते गुडघे असतील तर. धुकं होतं. पाठ मात्र दिसली. मळक्या गवताच्या रंगाची, हाडं मोजता यावीत अशी, एखाद्या बारीक माणसाएवढी पाठ. ती थरथरत होती.

आणि तिच्यावर ठसा होता, पांढरा, भाजल्यासारखा. तळव्याने दोन्ही खांदे झाकलेले. बोटं तिथून खाली, कमरेपर्यंत, कमरेच्याही खाली. अंगठा बरगड्यांना वळसा घालून पुढे गेलेला. ट्रेसीने बोटं मोजायला सुरुवात केली आणि मध्येच सोडून दिली.

जुनं पोतं असेल. ताडपत्री असेल. असं ती घरापर्यंत म्हणत आली. दार लावून तिने दवाखान्यात फोन केला, आत्याला बोलवा म्हणाली, तातडीचं आहे.

"दवंडी दिलीस?" आत्याचा आवाज एकदम म्हातारा झाला.

"तुला माहीत होतं? दवंडी द्यायची असते ते?"

"प्रत्येक पिंडरला माहीत असतं."

"मग दिली का नाहीत तुम्ही?"

"कारण ते हरवलेलं नाही, ट्रेसी. पळून आलेलं आहे."

ट्रेसीला रडायला आलं, आणि रडण्यापेक्षा जास्त चीड आली. "हे एक वाक्य! एवढं एक वाक्य दवाखान्यात तोंडातून काढायला काय झालं होतं? बसची वेळ सांगता आली तुला!"

"मला माझ्या बापाने सांगितलं ते तो मरायला टेकला तेव्हा," आत्या म्हणाली. "तोवर त्यानेही नुसती वेळच सांगितली. आमच्यात असंच..." आणि थांबली. "चुकलं माझं."

मोठ्या माणसाच्या तोंडून हे शब्द ट्रेसीने पहिल्यांदा ऐकले. त्यांचा आता काही उपयोग नव्हता.

"उद्या काय करू मी?"

"पळायचं असेल तर सकाळची बस आहे. मी तुला नावं ठेवणार नाही." पलीकडे कोणीतरी ट्रॉली ढकलत गेलं. "पण फाटकावर पिंडर नसेल, तर त्याला खूण कोणी विचारायची? तो सरळ आत जाईल."

७

सकाळची बस गेली. ट्रेसी ती जाताना बघत होती, बॅग पायाशी ठेवून. मग बॅग परत वर नेऊन ठेवली.

साडेतीनला गावातलं एकेक दार बंद झालं. थर्लबी बाईंनी बैठकीच्या खोलीचा पडदा ओढला आणि ओढताना दोघींची नजरानजर झाली. बाईंनी मान डोलावली, शेजारधर्म पाळल्यासारखी. ट्रेसीने त्यांना शिवी दिल्यासारखी दोन बोटं दाखवली आणि पुढे गेली.

धुकं इतकं उतरलं होतं की गल्लीचं टोक दिसत नव्हतं. शेतांमधून बीट भरून जाणारे ट्रक दिवसभर घरघरत होते, ते चारला पाच मिनिटं असताना एकदम थांबले. ती फाटकाला पाठ लावून उभी राहिली. पाण्याने भरलेली बादली शेजारी. भिंतीआड पावलं नव्हती, धाप नव्हती. आतल्याने श्वास धरून ठेवला होता.

तो आल्याचा आवाज झाला नाही. बादलीतलं पाणी हललं, एवढंच.

"नमस्कार," फोनवरचा आवाज म्हणाला. "आमचं घ्यायला आलोय."

आवाज समोरून येत होता, माणसाच्या तोंडाच्या उंचीवरून. श्वास मात्र वरून येत होता. ट्रेसीने वर बघितलं नाही. गल्लीच्या कडेच्या काटेरी कुंपणावर धुक्यात काहीतरी टेकलं होतं, लांबट, फिकट, एकाशेजारी एक. ते कुठे संपतं ते बघायला तिला मान पूर्ण वळवावी लागली असती. तिने वळवली नाही.

"पिंडर कोण आहे इथे?"

पिंडर दवाखान्यात आहे, असं म्हणता आलं असतं. मी पाहुणी आहे. मी कॉलेज सोडून आलेय, माझा याच्याशी काही संबंध नाही. हे सगळं खरंही होतं.

"मी," ती म्हणाली. "ट्रेसी पिंडर."

"खूण सांगितली आहे मी तुम्हाला. बघितलीत?"

"बघितली."

"मग उघडा."

पाठीमागच्या फळ्यांना काहीतरी टेकलं. पलीकडून, तिच्याच पाठीच्या उंचीवर. कोणाची तरी पाठ. फळ्यांमधून त्या पाठीचा थरकाप ट्रेसीच्या पाठीत उतरला.

"जुळत नाही," ट्रेसी म्हणाली.

धुकं जरा खाली आलं.

"नीट बघितलीत?"

"तेच काम आहे माझं. खूण जुळत नाही. आत आहे ते तुमचं नाही. दुसरीकडे बघा."

बादलीतलं पाणी काठापर्यंत चढलं आणि एका बाजूने सांडायला लागलं, जमीन कलल्यासारखं.

"पिंडर खोटं बोलत नाहीत असं ऐकून होतो," आवाज म्हणाला. रागावलेला नव्हता. "उद्या परत सांगेन खूण. कदाचित तुमच्या बघण्यात चूक झाली असेल."

"सांगा. रोज सांगा. रोज बघेन." तिचे दात वाजत होते, म्हणून ती जास्तच मोठ्याने बोलली. "मी कुठे जात नाही."

"बरं," तो म्हणाला.

श्वास थांबला. कुंपणावर काही आहे की नाही ते कळेना. दूर कुठेतरी एका ट्रकने इंजिन सुरू केलं. ट्रेसी फाटकाला पाठ घासत खाली बसली. फळ्यांपलीकडचं तेही तिच्याबरोबर खाली बसलं. मग तिच्या कानाजवळून, फटीतून, अगदी हळू, बोलायची सवय मोडलेल्या माणसाने बोलावं तसं कोणीतरी विचारलं,

"गेला?"

ट्रेसीने धुक्याकडे बघितलं.

"नाही," ती म्हणाली, आणि हात लांब करून बादली डोणीत रिकामी केली. "तू पाणी पी."